तुमचे प्रश्न : चित्र रंगवायचं नाही, विणायचं!

प्रश्न : जपानच्या टूरमध्ये क्योटोला जुनी प्रसिद्ध चित्रं रेशमात विणून फ्रेम केलेली बघितली, सुंदर होती पण किंमत ऐकून आम्ही गपचूप बाहेर आलो. आता डिजिटल प्रिंटिंगने तेच चित्र हुबेहूब कापडावर छापून मिळतं, मग एवढा वेळ घालवून विणायचं कशाला, शेवटी ती कॉपीच ना? – एक वाचक, पुणे

उत्तर : कॉपी म्हणायला मी अजिबात तयार नाही, आणि का ते जरा सविस्तर सांगते. चित्रकार ओल्या रंगात दुसरा रंग मिसळतो, ब्रश हलका करतो, रेघ हवी तशी वळवतो. विणकराकडे उभे धागे आणि आडवे धागे, बस्स. वळणदार रेघसुद्धा त्याला बारीक बारीक पायऱ्यांनी चढवावी लागते, म्हणजे मूळ चित्रातली एकेक गोष्ट धाग्यात कशी आणायची याचा निर्णय त्याला स्वतःला घ्यावा लागतो आणि असे निर्णय एका चित्रात हजारो असतात.

यामागुची इतारो यांचं काम बघा म्हणजे पटेल. १९०१ मध्ये जन्मलेले हे क्योटोच्या निशिजिन भागातले विणकर, आयुष्यभर किमोनोवरच्या ओबी पट्ट्यांचा धंदा केला आणि सत्तरीला आल्यावर, १९७० मध्ये, त्यांनी गेंजीच्या, म्हणजे राजपुत्र गेंजीच्या जुन्या जपानी कादंबरीवरच्या, चित्रगुंडाळ्या रेशमात विणायचं ठरवलं. मूळ गुंडाळ्या १२व्या शतकातल्या, जपानच्या राष्ट्रीय ठेव्यात मोडणाऱ्या, आज जे भाग उरलेत ते मुख्यतः नागोयाच्या तोकुगावा म्युझियममध्ये आणि टोकियोच्या गोतो म्युझियममध्ये आहेत. या चित्रांत घरांची छपरं काढून टाकल्यासारखी वरून आतली माणसं दिसतात, डोळे म्हणजे एक बारीक रेघ, नाक म्हणजे छोटासा आकडा, त्यावर बांबूचे पडदे, पडद्याआडून दिसणारी वस्त्रं... आता पारदर्शक पडदा विणायचा कसा? रंगात वरून पातळ हात फिरवता येतो, पण धाग्याला पडदाही दाखवायचाय आणि त्याच्यामागचं कापडही, ते सुद्धा एकाच जागी! असे प्रश्न सोडवत त्यांनी एकामागून एक चार गुंडाळ्यांचं काम केलं. २००७ मध्ये वयाच्या १०५व्या वर्षी ते गेले तेव्हा चौथी अजून पूर्ण व्हायची होती, ती त्यांच्या माणसांनी २००८ मध्ये पूर्ण केली.

आणि या गुंडाळ्यांचे संच त्यांनी पॅरिसच्या गिमे म्युझियमला देऊन टाकले. त्यामागची गोष्ट मला फार आवडते. १८६९ मध्ये राजधानी टोकियोला गेली तसं क्योटोच्या विणकरांचं दरबारी गिऱ्हाईकच गेलं, धंदा बसायची वेळ आली. तेव्हा १८७२ मध्ये निशिजिनमधून तिघांना फ्रान्समध्ये ल्योंला पाठवलं, त्यांनी जॅकार्ड माग आणला, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरून कुठला उभा धागा वर उचलायचा ते ठरवणारी यंत्रणा. तिघांपैकी योशिदा चुशिची परत येताना जहाज बुडून वारले, घरी पोचलेच नाहीत. त्या मागावर निशिजिन पुन्हा उभं राहिलं आणि शंभरेक वर्षांनी त्याच निशिजिनच्या एका म्हाताऱ्या विणकराने फ्रान्सचे आभार म्हणून आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम तिकडे पाठवलं. तुम्ही फ्रेमची किंमत ऐकलीत त्यात हे सगळं आलं असं नाही म्हणत मी, पण छापील कापडाशेजारी ठेवून तिची तुलना करू नका एवढं नक्की म्हणेन.

प्रश्न : आमच्या घरात पैठणी विणतात. जपानच्या हातमागाचा एक व्हिडिओ बघितला, त्यात बाई नखांनी धागा खाली ओढत होती आणि रंगाच्या वेगवेगळ्या कांड्या आमच्यासारख्याच. तंत्र एकच आहे का? – एक वाचक, येवला

उत्तर : तुम्ही बघितलंत ते त्सुझुरे, म्हणजे हातमागावर धाग्यांनी चित्र भरायची जपानी पद्धत, आणि तुमची नजर बरोबर आहे, मूळ कल्पना एकच. जॅकार्डमध्ये नक्षी कार्डं सांभाळतात, इथे मात्र आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जातच नाही, जिथे त्या रंगाचं काम तिथेच फिरतो आणि मागे वळतो. पैठणीच्या पदरावरच्या मोरात तुम्ही हेच करता. नखांचं खरं आहे, विणकर नखांना करवतीसारखे दाते पाडून घेतात आणि त्याने धागा जागेवर बसवतात. किचकट नक्षी असेल तर दिवसाला जेमतेम एक-दोन सेंटीमीटर काम पुढे सरकतं.

फरक दोन ठिकाणी आहे. पैठणीत दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवता, म्हणून जोड पक्का. त्सुझुरेत ते बहुतेकदा अडकवत नाहीत, उभ्या सीमेवर चीर राहते, आणि ती कुठे येऊ द्यायची हे आधीच ठरवलेलं असतं. दुसरा फरक चित्राच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा. तुमच्या साडीच्या अंगात उभा आणि आडवा दोन्ही धागे दिसतात म्हणून तर धूपछाव येते, त्सुझुरेत आडवा धागा इतका दाटून बसवतात की उभा पूर्ण झाकला जातो, त्यामुळे चित्रातला लाल तो लालच राहतो. मधली छटा हवी असेल तर वेगवेगळ्या छटांच्या बारीक तारा एकत्र पिळून नवीन धागा बनवतात, म्हणजे रंग मिसळायचं काम माग सुरू व्हायच्या आधीच होतं.

मोठी चित्रं या तंत्रात आणण्यात कावाशिमा जिन्बेई दुसरे यांचं नाव घ्यावंच लागतं. १८८६ मध्ये ते युरोपला गेले, पॅरिसच्या गोबेलां या भिंतीवरचे चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यातलं काम बघितलं आणि परत येऊन आपल्याच त्सुझुरेला त्या ताकदीचं करायच्या मागे लागले. १९०४ च्या अमेरिकेतल्या सेंट लुईस प्रदर्शनात त्यांनी इतो जाकुचू या चित्रकाराची पशुपक्ष्यांची चित्रं विणून एक अख्खी खोली सजवली होती. जाकुचूचे कोंबडे ज्यांनी बघितलेत त्यांना कळेल, एकेका पिसावर नजर ठरत नाही, ते विणायला घेणं म्हणजे काय जिगर लागली असेल!

प्रश्न : घरी लाकडी फ्रेमवर एखादं जपानी चित्र विणून बघायचंय, सुरुवात कुठून करू? – एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : होकुसाई या जपानी चित्रकाराचा लाल फुजी, म्हणजे लाल रंगातल्या फुजी डोंगराचं चित्र, घे. ठशांनी छापलेलं चित्र असल्यामुळे रंगांचे सपाट भाग आणि स्वच्छ कडा, शिवाय डोंगराचा उतार तिरका, त्यामुळे पायरी पायरीने रंग सरकतो आणि लांब चीर पडत नाही. ढगांच्या आडव्या पट्ट्या तर आडव्या धाग्याला सोप्याच. पायथ्याच्या झाडांचे बारीक ठिपके सोडून दे, हिरवा एकसंध भर.

उभ्याला पक्का सुती दोरा, सेंटीमीटरला चार-पाच, आडव्याला लोकर. चित्र खऱ्या मापात कागदावर काढून धाग्यांच्या मागे लाव. आडवा धागा सरळ ताणून घालू नकोस, कमानीसारखा सैल टाक आणि मग काट्याने किंवा कंगव्याने खाली बसव, नाहीतर दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि वरपर्यंत जाईस्तोवर डोंगर चिंचोळा होतो. आकाशाचा निळा वरून खाली फिकट होत जातो तिथे दोन निळ्या लोकरींची एकेक तार एकत्र घेऊन मधली छटा कर. त्याच होकुसाईच्या मोठ्या लाटेचा मोह सगळ्यांना होतो, पण त्या फेसाच्या नखांसाठी एवढी जाड लोकर चालणार नाही, ती लाट बारीक धागा आणि दाट उभे धागे लावून नंतर कधीतरी.