गाडी निवडण्याआधी आपला प्रवास मोजा

नवी गाडी घेण्याविषयी आलेल्या पत्रांत बहुतेकांनी दोन-तीन गाड्यांची नावे देऊन ‘यांपैकी कोणती घ्यावी’ असे विचारले आहे. केवळ नावांवरून उत्तर देणे योग्य होणार नाही, कारण एका घराची सोय करणारी गाडी दुसऱ्या घराला रोजचा त्रास देऊ शकते. ज्या वाचकांनी स्वतःची गरज सविस्तर लिहिली आहे, त्यांचीच पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : घरात आम्ही दोघे, दोन शाळकरी मुले आणि माझे वृद्ध आईवडील असे सहाजण आहोत. वर्षातून दोन-तीन वेळा सर्वजण मिळून लांबच्या प्रवासाला जातो. एरवी गाडीत मी एकटा किंवा फार तर तिघे असतो. सात आसनांची मोठी गाडी घ्यावी असे घरातल्यांचे मत आहे. आपल्याला काय वाटते?

उत्तर : निर्णय घेण्याआधी एक छोटे काम करावे, अशी माझी विनंती आहे. पुढचे चौदा दिवस एका वहीत रोज चार गोष्टी लिहून ठेवा : किती किलोमीटर प्रवास झाला, गाडीत किती माणसे होती, सामान काय होते आणि गाडी कुठे उभी करावी लागली. गाडी घेताना आपल्या डोळ्यांसमोर सहलीचा दिवस असतो, पण वापरताना मात्र वर्षातले तीनशेहून अधिक दिवस ती कामावर जाणे, शाळा आणि बाजारहाट यांतच जाते. आपण जे लिहिले आहे त्यावरून तरी पाच आसनांची, मागे ऐसपैस बसता येईल अशी गाडी घेऊन वर्षातल्या त्या दोन-तीन प्रवासांसाठी मोठे वाहन भाड्याने घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. सहाजण दर आठवड्याला एकत्र प्रवास करत असते, तर माझे उत्तर वेगळे असते.

तरीही सात आसनांचीच गाडी घ्यायचे ठरले, तर तिसरी रांग उघडी ठेवून डिकीत किती जागा उरते ते प्रत्यक्ष बॅगा ठेवून पाहा. माहितीपत्रकातला डिकीचा मोठा आकडा पुष्कळदा तिसरी रांग दुमडलेली असतानाचा असतो. हा आकडा लिटरमध्ये दिलेला असतो आणि तो मोजण्याच्या एका प्रचलित पद्धतीत 20 सेंटिमीटर लांब, 10 सेंटिमीटर रुंद आणि 5 सेंटिमीटर उंच असे एकेक लिटरचे ठोकळे डिकीत रचतात. कोपऱ्याकोपऱ्यांत असे ठोकळे बसतात, प्रवासाची टणक बॅग बसत नाही. त्यामुळे लिटरचे आकडे सारखे असलेल्या दोन डिक्या वापरायला अगदी वेगळ्या निघू शकतात. वजनाचाही हिशेब करावा. गाडीच्या कमाल मान्य वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की ती किती भार वाहू शकते ते कळते. सहा प्रौढांचे सरासरी 70 किलो धरले तरी 420 किलो होतात आणि सामान अजून मोजायचेच असते. गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंचीही काही उत्पादक रिकाम्या गाडीची सांगतात. माणसे बसली की गाडी खाली दबते, हे गतिरोधकावर घासल्यावर कळण्यापेक्षा आधी विचारून घेतलेले बरे.

आता आपल्या पत्रातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, तो म्हणजे आईवडील. माझ्या वडिलांचे गुडघे दुखू लागले तेव्हा मला प्रथम उमगले की वयस्कर माणसाला गाडीत बसण्यापेक्षा गाडीतून उतरणे अवघड जाते. आसन फार खाली असेल तर उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो आणि गाडी फार उंच असेल तर पाय उचलून चढावे लागते. उभे असताना आपला नितंब जेथे असतो, त्याच्या किंचित खाली आसन असेल, तर माणूस केवळ वळून सरकून बसू शकतो. म्हणून आईवडिलांना सोबत न्या, त्यांना मागच्या दारातून लागोपाठ चार-पाच वेळा चढ-उतार करायला सांगा, दार पुरेसे उघडते का, हाताला धरायला काही आहे का आणि उंबरठा किती उंच आहे ते पाहा. पहिल्यांदा सगळेच उत्साहाने बसतात. चौथ्या वेळी खरे काय ते चेहऱ्यावर दिसते.

प्रश्न : माझा रोजचा प्रवास जाऊन-येऊन सुमारे 40 किलोमीटरचा, बहुतेक शहरातल्या गर्दीचा आहे. महिन्यातून एकदा 300 किलोमीटरचा प्रवास घडतो. पेट्रोल, डिझेल, हायब्रिड की इलेक्ट्रिक, याचा निर्णय होत नाही.

उत्तर : चौघांपैकी डिझेल मी आधी बाजूला ठेवतो. आधुनिक डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते आणि साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी सुमारे 600 अंश सेल्सिअस तापमान लागते. त्यासाठी इंजिन अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग काही वेळ चालावे लागते. शहरातल्या थांबत-थांबत होणाऱ्या छोट्या फेऱ्यांत ते तापमान टिकत नाही, गाळणी तुंबते आणि दुरुस्ती महाग पडते. ज्यांचा बहुतेक प्रवास लांब पल्ल्याचा असतो, त्यांनीच डिझेलचा विचार करावा.

इलेक्ट्रिक गाडीविषयी लोक प्रथम ‘एका चार्जमध्ये किती जाते’ असे विचारतात. मी आधी ‘रात्री गाडी जेथे उभी असते तेथे वीज आहे का’ असे विचारतो. लहान वा मध्यम आकाराच्या गाडीला किलोमीटरमागे ढोबळमानाने 0.15 युनिट वीज लागते असे धरले, तर आपल्या 40 किलोमीटरना 6 युनिट लागतील. घरातल्या साध्या सॉकेटमधून 2 किलोवॉटने चार्जिंग केले तरी तीन-साडेतीन तासांत ते भरून निघतात. म्हणजे रोजच्या गरजेसाठी वेगवान चार्जिंगची गरजच नाही. मात्र गाडी रस्त्यावर उभी करावी लागत असेल आणि स्वतःची जोडणी घेणे शक्य नसेल, तर दर दोन-तीन दिवसांनी सार्वजनिक चार्जरवर जाऊन थांबण्याचा कंटाळा येऊ लागतो, आणि तो आपण सोसू का, हे प्रामाणिकपणे ठरवावे.

महिन्यातून एकदाच्या 300 किलोमीटरांचा विचार स्वतंत्रपणे करा. जाहीर केलेला पल्ला प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीचा असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून महामार्गावर सलग वेगाने जाताना हा पल्ला बराच घटतो. कडाक्याच्या थंडीत आणखी घटतो. शहरात याच्या उलट घडते, कारण ब्रेक लावताना मोटर जनित्रासारखी चालून काही ऊर्जा बॅटरीत परत साठवते. वेगवान चार्जिंगसुद्धा साधारण 80 टक्क्यांनंतर मंदावते. त्यामुळे प्रवासात एकदा शंभर टक्के भरत बसण्यापेक्षा दोनदा थोडे थोडे भरणे सोयीचे ठरते. आपल्या नेहमीच्या मार्गावर चालू स्थितीतले चार्जर किती आहेत, ते एखाद्या रविवारी स्वतः जाऊन पाहा. बॅटरीची हमी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची आहे, तसेच क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास ती लागू होते, हे लेखी घ्या.

घरी वीज मिळणार नसेल तर आपल्या वापराला हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी, चांगली जुळते, कारण तिचा खरा फायदा गर्दीतच होतो. सलग महामार्गावर तो बराच कमी होतो. पेट्रोल गाडी घ्यायला स्वस्त असते, म्हणून दोन्हींच्या किमतींतला फरक प्रत्येक किलोमीटरमागे होणाऱ्या बचतीने भागावा. जो आकडा येईल तितके किलोमीटर चालल्यावर जास्तीचे पैसे वसूल होतात. तो आकडा आपल्या आठ वर्षांच्या वापरापेक्षा मोठा येत असेल, तर पेट्रोल गाडी घेण्यात काहीही कमीपणा नाही.

येथे अ‍ॅव्हरेजविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण तिच्यामुळे पुष्कळांची फसगत होते. वर्षाला 15,000 किलोमीटर चालणारी गाडी लिटरला 10 ऐवजी 12 किलोमीटर देऊ लागली, तर 250 लिटर इंधन वाचते. तीच गाडी 20 ऐवजी 24 देऊ लागली, तर केवळ 125 लिटर वाचते. म्हणून दोन चांगल्या गाड्यांच्या अ‍ॅव्हरेजमधल्या दोन-तीन किलोमीटरच्या फरकासाठी आसन, ब्रेक वा डिकी यांच्याशी तडजोड करू नये.

प्रश्न : गर्दीत क्लच दाबून पाय दुखतो, म्हणून ऑटोमॅटिक गाडी घ्यायची आहे. त्यातले प्रकार समजत नाहीत.

उत्तर : पाय दुखत असेल तर ऑटोमॅटिक जरूर घ्या. सर्वांत स्वस्त प्रकारात साध्याच गियरबॉक्सचा क्लच आणि गियर यंत्र हाताळते. त्यात गियर बदलताना हिसका जाणवतो आणि चढावर थोडी सवय लागते. सीव्हीटी प्रकारात गियरच्या वेगवेगळ्या पायऱ्या नसतात, त्यामुळे गर्दीत गाडी अतिशय मऊ चालते, पण एकदम वेग घेताना इंजिनाचा आवाज आधी चढतो. दोन क्लचचा प्रकार मोकळ्या रस्त्यावर तत्पर असतो. त्यातल्या कोरड्या, म्हणजे तेलात नसलेल्या क्लचच्या गाड्या मात्र सतत रांगणाऱ्या वाहतुकीत तापू शकतात. टॉर्क कन्व्हर्टर हा इंजिनाची ताकद तेलामार्फत गियरबॉक्सकडे नेणारा जुना आणि टिकाऊ प्रकार आहे. आपल्या वापरासाठी मी सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर सुचवेन. टेस्ट ड्राइव्ह मात्र सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर न घेता आपल्याच गर्दीच्या वेळी आणि आपल्याच रस्त्यावर घ्या, एका चढावर गाडी थांबवून पुन्हा काढा, आणि गाडी उभी करण्याच्या जागेत ती स्वतः मागे घेऊन पाहा.

प्रश्न : आमचे बाळ आठ महिन्यांचे आहे. सुरक्षेचे पाच तारे असलेली कोणतीही गाडी पुरेशी सुरक्षित मानावी का?

उत्तर : तारे जरूर पाहावेत, पण ते कोणत्या वर्षीच्या चाचणीचे आहेत तेही पाहावे. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेने आपले पहिले निकाल 1997 साली जाहीर केले आणि तेव्हापासून चाचण्यांचे नियम वेळोवेळी कडक होत गेले आहेत. जुन्या नियमांचे पाच तारे आणि नव्या नियमांचे पाच तारे एका मापाचे नसतात. समोरून धडकेच्या चाचणीत गाडी साधारणपणे स्वतःच्याच वजनाइतक्या गाडीवर आदळल्यासारखी तपासली जाते, म्हणून ताऱ्यांची तुलना जवळपास सारख्या वजनाच्या गाड्यांमध्येच करावी. तपासलेल्या गाडीत किती एअरबॅग होत्या आणि आपण घेत असलेल्या गाडीत तितक्याच आहेत का, हे विचारायला संकोच करू नका.

एअरबॅग हे सीट बेल्टच्या पट्ट्याला दिलेले साहाय्य आहे. आजचा तीन बिंदूंचा पट्टा नील्स बोह्लिन या अभियंत्याने व्होल्वो कंपनीत तयार केला, 1959 साली तो गाड्यांत आला आणि इतर उत्पादकांनाही तो वापरू देण्यात आला. इतक्या वर्षांनंतरही गाडीतले सर्वांत जास्त उपयोगाचे सुरक्षासाधन तेच आहे, आणि मागच्या आसनावर ते वापरले जात नाही याची मला मनापासून खंत वाटते. गाडी निवडताना मागच्या मधल्या आसनालाही असा पट्टा आहे का ते पाहा. जोराने ब्रेक लावल्यावर चाके अडकू न देणारे एबीएस आता सर्रास मिळते. त्याशिवाय घसरणारी गाडी सावरणारी ईएससी यंत्रणाही असलीच पाहिजे, असा माझा आग्रह राहील. पैसे कमी पडत असतील तर छताची काच सोडा, ईएससी सोडू नका.

बाळाचे आसन गाडीला थेट अडकवण्यासाठीच्या आयसोफिक्सच्या कड्या मागच्या आसनांत आहेत का, हे बोटाने चाचपून खात्री करा आणि शक्य असल्यास बाळाचे आसन शोरूममध्ये नेऊन बसवून पाहा. या वयाचे बाळ मागे तोंड करूनच बसवायचे असते. असे आसन ठेवल्यावर पुढच्या माणसाला पाय ठेवायला जागा उरते का, ही अडचण बहुतेकांना गाडी घरी आल्यावर कळते. पुढची एअरबॅग चालू असताना तिच्यासमोर मागे तोंड केलेले आसन कधीही ठेवू नये; एअरबॅग फुगण्याच्या जोरानेच बाळाच्या जिवाला धोका होतो.

प्रश्न : विक्रेता 7 टक्के व्याजाचे पाच वर्षांचे कर्ज आणि सर्वांत वरचे मॉडेल घेण्याचा आग्रह करत आहे. घ्यावे का?

उत्तर : तो दर सपाट आहे की घटत्या शिलकीवर आहे, हे आधी विचारा. सपाट दरात फेडलेल्या मुद्दलावरही व्याज आकारले जाते. पाच वर्षांसाठी सपाट 7 टक्के म्हणजे घटत्या शिलकीवरचे जवळपास साडेबारा टक्के होतात. केवळ मासिक हप्ता न पाहता साठ हप्त्यांची बेरीज करून दुसऱ्या ठिकाणच्या बेरजेशी ताडून पाहा.

वरच्या मॉडेलमध्ये बहुधा मोठी चाके येतात. टायरवर 205/55 आर 16 असे लिहिलेले असेल तर त्याची बाजूची उंची 205 मिलिमीटरच्या 55 टक्के, म्हणजे सुमारे 113 मिलिमीटर असते. 225/40 आर 18 मध्ये ती फक्त 90 उरते. खड्ड्याचा धक्का शोषणारा भागच त्यामुळे कमी होतो, आणि नवा टायरही महाग पडतो. मधल्या मॉडेलमध्ये सुरक्षेची सर्व साधने मिळत असतील तर मी तेच घेईन.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी ती दिवसाच्या उजेडात पाहा. टायरच्या बाजूवर चार अंकी क्रमांक असतो. 2324 असेल तर तो टायर 2024 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. सुट्या चाकासह सर्व टायर पाहा, गाडीच्या निर्मितीचा महिना कागदपत्रांशी जुळवा आणि हे सर्व होईपर्यंत उरलेली रक्कम देऊ नका.