जुन्या स्कूबा रेग्युलेटरची हत्यारं: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

यावेळीही बहुतेक प्रश्न तेच आलेत, झाकण कसं उघडायचं, पाना कुठे मिळेल, नाही मिळाला तर दुसरं काय वापरू. हत्यार आत गेल्यावर नक्की कशाला टेकणार आहे हे मात्र एकानेही विचारलेलं नाही, आणि जुने रेग्युलेटर (सिलिंडरची हवा श्वास घेण्याजोगी करून देणारी यंत्रं) वाया जातात ते नेमके तिथेच. त्यामुळे तो मुद्दा जिथे येईल तिथे मी सविस्तर बोलणार, बाकीचं थोडक्यात.

प्रश्न: स्कूबाप्रो मार्क ५ आहे. आतली हाय प्रेशर ओ-रिंग खूप खोल बसलीये. डेंटल पिकने काढू का? व्हिडिओत सगळे तसंच काढतात.

नका काढू. व्हिडिओत ओ-रिंग, म्हणजे ती गोल रबरी कडी, बाहेर आलेली दिसते, ती बसते त्या खाचेत पडलेला चरा कुणी दाखवत नाही.

आधी हे समजून घ्या की ओ-रिंग एकटी काही अडवत नाही. ती खाचेच्या गुळगुळीत भिंतीवर आणि पिस्टनच्या दांड्यावर दाबली जाते तेव्हा सील होतं, आणि मार्क ५ मध्ये तिच्या एका बाजूला सिलिंडरचं २०० बारच्या आसपासचं प्रेशर असतं आणि दुसऱ्या बाजूला पाणी शिरणारी स्प्रिंगची पोकळी. डेंटल पिक असतं कडक स्टीलचं, बॉडी पितळेची. केसाएवढा चरा जरी खाचेत आडवा पडला तरी हवेला वाट मिळाली, मग तुम्ही कितीही नवीन ओ-रिंगा घाला, बुडबुडे येतच राहणार आणि तुम्ही ओ-रिंगवाल्याला दोष देत बसणार. ही बनावट १९७० मध्ये आली, आता नवीन बॉडी कुणी काढत नाही, म्हणजे खाच गेली की रेग्युलेटर गेला.

पिक स्वतः बनवा, अजिबात अवघड नाही. दोन-तीन मिलीमीटरची पितळी सळी घ्या, टोक कानशीने चपटं करा, जरासा हूक वाकवा, मग ६०० आणि १००० नंबरच्या पॉलिश पेपरने इतकं घासा की नखावरून फिरवलं तर कुठे अडकता कामा नये. पितळ लवकर वाकतं अशी तक्रार लोक करतात, अहो तेच तर हवंय, जोर जास्त झाला की पिक वाकावं, खाच नाही. तरी पितळेवर पितळ घासलं तरी ओरखडा उठतोच, त्यामुळे टोक धातूत खुपसायचं नाही, रबरात खुपसायचं. जुनी ओ-रिंग फेकायचीच आहे, ती फाटली तर फाटू दे. उजेड भरपूर हवा, १० पट भिंग हवं, घाई नको.

आणि हो, 'ब्रास पिक' म्हणून विकली जाणारी काही हत्यारं आतून स्टीलची असतात, वर फक्त पितळेचा मुलामा. लोहचुंबक लावून बघा, चिकटलं तर परत करा. खाचेत आधीच चरा दिसत असेल तर स्वतः पॉलिश पेपर फिरवू नका, खाच मोठी होईल. ती बॉडी या बनावटीवर काम केलेल्या टेक्निशियनला दाखवा, वाचेल की नाही ते तोच सांगेल.

प्रश्न: पिस्टन परत बसवायची 'बुलेट' थ्रीडी प्रिंटरवर छापली तर?

नको. छापलेल्या थरांच्या कडा खरबरीत असतात आणि बुलेटचं कामच मुळी ओ-रिंगमधून गुळगुळीत सरकायचं आहे. मार्क ५ च्या पिस्टनच्या दांड्याचं टोक धारदार असतं, तीच धार सीटवर बसून हवा बंद करते, आणि बसवताना तेच टोक सगळ्यात आधी नव्या ओ-रिंगमधून जातं. बुलेट त्या धारेवर टोपीसारखी बसते, म्हणजे रिंगही कापली जात नाही आणि धारही बोथट होत नाही. लेथवर डेलरिनची (कडक, गुळगुळीत प्लास्टिकची) करून घ्या, पॉलिश करा, जोडावर पायरी राहू देऊ नका. मापाबद्दल शंका असेल तर त्याच मॉडेलचं पिस्टन हाताळलेल्या माणसाला आधी विचारा. प्रिंटर ठेवायचाच तर भाग मांडायचे स्टँड छापा, त्याला माझी हरकत नाही.

प्रश्न: दोन पिनांचा पाना बनवलाय पण दर वेळी सटकतो आणि क्रोमवर ओरखडे पडतात.

पिना बारीक आहेत, नाहीतर पाना वर उचलला जातोय. पाना ज्यात बसतो त्या झाकणावरच्या भोकाचा व्यास मोजायला ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू घालून बघा, जी ढिली न होता आत जाते ते तुमचं माप. दोन भोकांमधलं अंतर व्हर्नियरने बाहेरच्या कडा ते बाहेरच्या कडा मोजा आणि त्यातून एक व्यास वजा करा. पिना कडक स्टीलच्या हव्यात, खिळ्याच्या नकोत, आणि भोकाच्या खोलीपेक्षा लांब नकोत, कारण आरपार भोक असेल तर खाली डायफ्रॅम (प्रेशरने हलणारा पडदा) असू शकतो. सटकू नये म्हणून पाना वरून दाबून धरावा लागतो, मशीन पूर्ण बंद ठेवून ड्रिल प्रेसने वरून दाब देता येतो. बॉडी व्हाइसमध्ये थेट कधीच पकडू नका, पोर्टात, म्हणजे होज लावायच्या भोकात, बसणारं हँडल आटवा आणि हँडल पकडा. मार्क ५ ला हे हँडल बॉडीवरच्या पोर्टात लावायचं, फिरत्या टरेटमध्ये (लो प्रेशर होज लागतात त्या गोल भागात) नाही. एवढं करूनही हललं नाही तर थांबा आणि ज्याच्याकडे मूळ पाना आहे त्याच्याकडे न्या. पान्याला पाइप लावून जोर वाढवला की आटे मरतात.

प्रश्न: रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवलं की सगळं सुटतं असं ऐकलंय.

क्रोमसुद्धा सुटतं! पाणी मिसळून, काही मिनिटं, समोर उभं राहून, मग भरपूर धुवायचं. क्रोम उडालेलं असेल तिथे आम्ल पितळ खातं आणि गुलाबीसर डाग दिसायला लागतात. अॅनोडाइज केलेल्या अॅल्युमिनियमला तर हा प्रकार दाखवूच नका. गंज सोडवायचं तेल मारलं असेल तर त्याचा थेंबही आत राहता कामा नये, तुम्ही त्यातून श्वास घेणार आहात. साफ झालं की नाही याची खात्री नसेल तर टेक्निशियनकडून अल्ट्रासॉनिकमध्ये करून घ्या.

प्रश्न: 'सर्व जुन्या रेग्युलेटरसाठी' असं लिहिलेलं ओ-रिंग किट घेऊ का?

नका घेऊ. माप सारखं दिसलं तरी कडकपणा वेगळा असतो, हाय प्रेशरच्या जागी बहुतेक वेळा ९० ड्युरोमीटर लागतं आणि असल्या डब्यात सरसकट ७० भरलेलं असतं. मॉडेलचं मॅन्युअल बघा, नाहीतर जाणकाराला विचारा.

प्रश्न: इंटरमीडिएट प्रेशरचा गेज घरी जोडून बनवता येईल का?

येईल, आणि खरं तर पान्याआधी तोच बनवायला हवा. सिलिंडरवर बसतो तो फर्स्ट स्टेज, तोंडात धरतो तो सेकंड स्टेज, आणि दोघांमधल्या होजमधलं प्रेशर म्हणजे इंटरमीडिएट प्रेशर. शून्य ते ३०० किंवा ४०० पीएसआयचा चांगला गेज, बीसीडीच्या (तरंगायच्या जॅकेटच्या) होजला बसणारा निपल, झालं. पण दोन गोष्टी. पहिली, आजकाल लो प्रेशर पोर्ट ३/८-२४ आट्यांचं आणि हाय प्रेशर ७/१६-२० चं असतं म्हणून चुकीची नळी बसतच नाही, पण कित्येक जुन्या फर्स्ट स्टेजना हाय प्रेशर पोर्टही ३/८-२४ चंच आहे, तिथे लो प्रेशरची नळी लावली आणि व्हॉल्व्ह उघडला तर तो गेज तुमच्या तोंडासमोर फुटेल. दुसरी, टेस्ट करताना डाउनस्ट्रीम सेकंड स्टेज जोडलेला असलाच पाहिजे, कारण फर्स्ट स्टेज गळला तर जादा प्रेशर तिथून बाहेर पडतं. टिल्ट व्हॉल्व्हवाले जुने सेकंड स्टेज किंवा पोसायडनचा जेटस्ट्रीम हे अपस्ट्रीम आहेत, ते प्रेशर वाढलं की आणखी घट्ट बंद होतात, तिथे वेगळा रिलीफ व्हॉल्व्ह लागतोच. आधी पोर्ट ओळखता येत नसेल तर गेज लावूच नका, कुणाला तरी दाखवा.

प्रश्न: मिस्ट्राल डबल-होजचं इंटरमीडिएट प्रेशर किती ठेवायचं?

जुना मिस्ट्राल सिंगल स्टेज आहे, त्यात इंटरमीडिएट प्रेशर नसतंच.

प्रश्न: पारदर्शक नळीचा यू-ट्यूब मॅनोमीटर केलाय, पाऊण इंच दाखवतो. एवढं कमी बरोबर आहे का?

तुम्ही बहुतेक एकाच बाजूचं पाणी मोजताय. दोन्ही पातळ्यांमधला फरक मोजायचा, म्हणजे सेकंड स्टेज उघडायला लागणारी ओढ दीड इंच झाली, आणि साध्या डाउनस्ट्रीम सेकंड स्टेजला ते ठीक आहे. ओरिफिस (हवा आत येते ते तोंड) फिरवताना पर्ज बटण (हवा सोडायचं बटण) दाबून ठेवा, नाहीतर त्याची कड सीट कापते. आकडा बरोबर आला म्हणून लगेच पाण्यात उतरू नका, एकदा तपासून घ्या.

प्रश्न: जुन्या फर्स्ट स्टेजवर नायट्रॉक्स चालेल?

नायट्रॉक्स म्हणजे जादा ऑक्सिजनची हवा, त्यामुळे मॉडेल, आतला ग्रीस आणि ऑक्सिजनची टक्केवारी न बघता कुणी 'हो' म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका. टेक्निशियनला विचारा.

प्रश्न: गेजचा काटा १३० पीएसआयला थांबतो आणि मग पाच मिनिटांत हळूहळू १५० वर जातो. श्वास छान मिळतो. दोन डाइव्ह ठरल्यात, हा सीझन काढून मग सर्व्हिस केली तर?

नाही. काटा थांबल्यावर थांबलेलाच राहायला हवा. तो चढतोय म्हणजे हाय प्रेशर सीटमधून हवा गळतीये, सीट झिजलीये किंवा धारेला खोच पडलीये, आणि हे आपोआप बरं होत नाही, वाढतच जातं, शेवटी सेकंड स्टेज पाण्याखाली फ्री-फ्लो व्हायला लागतो (आपोआप हवा सोडत राहतो) आणि सिलिंडर बघता बघता रिकामा होतो. श्वास छान मिळतो याला इथे काही अर्थ नाही, सीट गळत असताना श्वास छानच मिळतो. तुम्ही लिहिलंय की दोन डाइव्ह ठरल्यात. त्या दुसऱ्या रेग्युलेटरवर करा. याला आजच टॅग लावून बाजूला ठेवा आणि सर्व्हिसला देताना १३०, १५० आणि पाच मिनिटं हे तिन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून द्या, टेक्निशियनला शोधायला सोपं जातं.