अंगणातील डास, गांधीलमाश्या आणि विंचू : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : डास पळावेत म्हणून घराभोवती गवती चहा, तुळस, झेंडू आणि पुदिना लावला आहे; तरीही संध्याकाळी अंगणात बसवत नाही. आणखी कोणती झाडे लावावीत?

उत्तर : डासांसाठी म्हणून आणखी एकही झाड लावू नये, असेच प्रथम सांगावेसे वाटते. या वनस्पतींच्या पानांत डासांना नकोशी वाटणारी तेले असतात हे खरे. पण ती पानातच बंदिस्त राहतात आणि पान चुरगळल्यावर किंवा त्याचे तेल काढल्यावरच हवेत पसरतात. कुंडीत नुसत्या उभ्या असलेल्या रोपाचा डासांवर जाणवण्याजोगा परिणाम होत नाही. उलट कुंड्यांची संख्या वाढली की त्यांच्याखालच्या ताटल्या वाढतात आणि त्या ताटल्यांत साचलेल्या पाण्यातच डास वाढतात.

उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून अंगणातील साचलेले सगळे पाणी ओतून टाकले, तर अळ्या डास होण्याआधीच संपतात. ताटल्या, बादल्या, जुने टायर, पक्ष्यांसाठी ठेवलेले पाण्याचे भांडे, झाकणाच्या ताडपत्रीचा खोलगट भाग आणि पाने अडकून तुंबलेली छपराची पन्हळ ही ठिकाणे त्या दिवशी बघावीत. यातील पन्हळ वर असल्यामुळे बहुतेकांच्या नजरेतून सुटते. डेंग्यू पसरवणारा एडीस डास तुलनेने स्वच्छ पाण्यात, भांड्याच्या आतील कडेला पाण्याच्या रेषेच्या किंचित वर अंडी घालतो आणि ती अंडी कोरड्या अवस्थेतही कित्येक महिने टिकतात. त्यामुळे भांडे नुसते उपडे न करता आतून ब्रशने घासून काढणे आवश्यक आहे. हा डास सहसा आपल्या जन्मस्थानापासून काहीशे मीटरच्या आतच राहतो. म्हणजे तो तुमच्या किंवा शेजारच्या अंगणातच जन्मलेला असण्याची शक्यता मोठी असते, आणि शेजाऱ्यांना सोबत घेतल्याशिवाय हे काम पुरते होत नाही.

जे पाणी ओतून टाकता येत नाही, उदाहरणार्थ कमळाचे कुंड किंवा मोठा हौद, तिथे बीटीआय या नावाने मिळणारा जिवाणू वापरावा. १९७६ साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातील एका डबक्यात सापडलेला हा जिवाणू अळीच्या पोटात गेल्यावर तिचे आतडे निकामी करतो; मासे, पक्षी, माणसे आणि मधमाश्या यांना त्याचा त्रास होत नाही. मात्र अळीनंतरच्या कोषावस्थेत डास काही खात नसल्यामुळे त्या अवस्थेत त्याचा उपयोग नसतो, म्हणून वेष्टनावर दिलेल्या अंतराने तो पुन्हा टाकावा लागतो. गप्पी मासे बंदिस्त हौदात चालतील; ओढ्यात किंवा तळ्यात ते कदापि सोडू नयेत, कारण बाहेरून आणलेले मासे तेथील जलचरांवर कुरघोडी करतात. पाण्यावर रॉकेल ओतण्याची जुनी सवय तर सोडूनच द्यावी.

संध्याकाळी बसण्याच्या जागेपुरता सर्वांत सोपा उपाय म्हणजे साधा पंखा. डासाला जोराच्या वाऱ्यात नीट उडता येत नाही, आणि आपल्या श्वासातील ज्या कार्बन डायऑक्साइडच्या मागावर तो येतो, तोही वाऱ्याने विखुरला जातो. अंगाला लावायचेच असेल, तर लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून तयार केलेले, पीएमडी हा घटक असलेले औषध बऱ्यापैकी काळ टिकते. तीन वर्षांखालील मुलांना मात्र ते लावू नये. सिट्रोनेला या सुवासिक गवताचे तेल फार लवकर उडून जाते.

प्रश्न : निळ्या प्रकाशाचे, कीटकांना विजेने मारणारे यंत्र अंगणात टांगणे कितपत उपयोगी आहे?

उत्तर : उपयोगी नाही, आणि हानिकारक आहे. अमेरिकेतील डेलावेअर येथे झालेल्या व १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा यंत्रांनी मारलेल्या १३,७८९ कीटकांपैकी चावणारे केवळ ३१ निघाले. उरलेल्यांत निरुपद्रवी पतंग आणि इतर कीटकांना खाणारे भुंगेही होते. त्याऐवजी दारापाशी मंद पिवळ्या प्रकाशाचा दिवा लावावा. त्याकडे पांढऱ्या-निळ्या दिव्यापेक्षा कमी कीटक येतात.

प्रश्न : छपराच्या वळचणीला गांधीलमाश्यांनी पोळे केले आहे. धूर करून ते काढता येईल का?

उत्तर : कृपया तसे करू नये. गांधीलमाशीच्या नांगीला मधमाशीसारखे मोठे काटे नसल्याने ती एकच माशी पुन्हा पुन्हा डंख करू शकते, आणि पोळ्याला धोका आहे असे वाटले की सगळ्याच एकदम बाहेर पडतात. शिडीवर उभे राहून धूर किंवा मशाल धरणाऱ्याला पळायला जागाही नसते. शिवाय या माश्या आपल्या पिलांसाठी बागेतील सुरवंट उचलून नेतात, तेव्हा पोळे उंचावर आणि वाटेपासून दूर असेल, तर ते तसेच राहू द्यावे असे माझे मत आहे. दाराजवळ असेल किंवा घरात कुणाला दंशाची तीव्र ॲलर्जी असेल, तर जाणकाराला बोलवावे.

पोळ्याची सुरुवात बहुधा एखाददुसरीच माशी करते. वळचणीवर महिन्यातून दोनदा नजर टाकली, फटी बुजवल्या, कचऱ्याचा डबा घट्ट झाकला आणि झाडाखाली पडलेली पिकलेली फळे रोज उचलली, तर त्यांना तिथे थांबण्याचे कारण कमी होते. मधमाश्यांचा नुसता घोळका फांदीवर येऊन लटकला असेल, तर तो नव्या घराच्या शोधात असतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत स्वतःहून निघून जातो.

प्रश्न : अंगणात विंचू निघतात आणि कुत्र्याच्या अंगावर गोचिडी सापडतात. दोन्हींवर काही नैसर्गिक उपाय आहे का?

उत्तर : दोघांनाही आडोसा हवा असतो. विंचू दिवसा दगड, विटा, लाकडांचे ढीग यांच्याखाली दडतो आणि रात्री झुरळांसारख्या भक्ष्यासाठी बाहेर पडतो. म्हणून हे ढीग भिंतीपासून दूर, जमिनीपासून उचलून रचावेत आणि दाराखालची फट बंद करावी. ढीग हलवताना जाड हातमोजे घालावेत. अतिनील प्रकाशाच्या टॉर्चमध्ये विंचू हिरवट-निळा चमकतो, त्यामुळे तो रात्री शोधणे सोपे जाते.

गोचीड उडत नाही आणि उडी मारत नाही. गवताच्या शेंड्यावर चढून ती जाणाऱ्या-येणाऱ्याची वाट पाहते. गवत आखूड ठेवणे, पाचोळा उचलणे आणि झुडुपांच्या कडेने सुमारे तीन फूट रुंद खडीचा किंवा लाकडाच्या तुकड्यांचा पट्टा करणे यांचा उपयोग होतो. कुत्र्यावर मात्र पशुवैद्याने दिलेलेच औषध वापरावे. अंगण कितीही स्वच्छ ठेवले तरी त्याला पर्याय नाही.

प्रश्न : तंबाखूचा काढा आणि शेवंतीच्या जातीच्या फुलांपासून बनवलेली भुकटी फवारली तर चालेल ना? दोन्ही नैसर्गिकच आहेत.

उत्तर : तंबाखूतील निकोटीन त्वचेतूनही शरीरात शिरते आणि विषबाधा करते, तेव्हा तो काढा घरी मुळीच करू नये. फुलांपासून मिळणारे पायरेथ्रम उन्हात लवकर निष्प्रभ होत असले, तरी मधमाश्यांना आणि माशांना ते घातक आहे. वापरणे भागच असेल, तर सूर्यास्तानंतर, फुललेली झाडे आणि पाण्याची जागा टाळून, ठरावीक कोपऱ्यापुरतेच ते वापरावे.