प्राचीन रोमच्या चांदीच्या नाण्यांवर कोणतं चित्र टाकायचं हे कोण ठरवायचं? आणि खंजीर असलेलं नाणं खरंच आहे का?

खंजिरांचं नाणं अगदी खरं आहे. पण त्यातली गंमत कळायला थोडं मागून यावं लागेल.

रोमचं चांदीचं नाणं म्हणजे देनारियस. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध चालू असताना, इ.स.पू. २११ च्या सुमारास ते निघालं. तेव्हा चित्र ठरलेलं असे: छाप्यावर शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, काट्यावर घोडे फेकत निघालेले कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे देव (आपले अश्विनीकुमार आठवतात ना?). टाकसाळीवर तीन तरुण अधिकारी नेमत. त्यांची राजकारणातली ही सुरुवात, मग त्यांनी हळूहळू आपल्या घराण्याचे पूर्वज आणि पराक्रम नाण्यांवर आणले. निवडणुकीआधीचे फ्लेक्सच म्हणा.

इ.स.पू. ५४ च्या सुमारास या जागेवर मार्कस ब्रूटस होता. त्यानं छाप्यावर स्वातंत्र्यदेवी लिबर्टास घेतली आणि काट्यावर राजेशाही उलथवणारा आपला पूर्वज, लुशियस ब्रूटस.

जिवंत रोमन माणसाचा चेहरा मात्र रोमच्या टाकसाळीत चालत नसे. तो राजांचा थाट. इ.स.पू. ४४ च्या सुरुवातीला रोमची सत्ता हाती घेतलेल्या ज्युलियस सीझरनं ही रीत मोडली. काही नाण्यांवर तर त्याच्या नावापुढे ‘तहहयात डिक्टेटर’ असंच कोरलंय. मागे व्हीनस देवी, कारण त्याचं घराणं स्वतःला तिचे वंशज म्हणवायचं. १५ मार्चला ब्रूटस आणि त्याच्या साथीदारांनी त्याचा खून केला.

नंतर फौजेचे पगार भागवायला ब्रूटसनं छावणीतच नाणी पाडली. त्यांतल्या एका प्रकारावर दोन खंजीर, मधोमध गुलामाला मुक्त करताना देत ती टोपी, आणि खाली ‘इड मार’, म्हणजे १५ मार्च. कॅसियस डिओ या इतिहासकारानंही या नाण्याचा उल्लेख केलाय. छाप्यावर कोण? खुद्द ब्रूटस!

स्वतःचाच चेहरा टाकण्याला लोक ढोंग म्हणतात. मला त्यात नाइलाज जास्त दिसतो. समोर सीझरच्या बाजूचे अँटनी आणि ऑक्टेव्हियन आपापले चेहरे टाकत होते, आणि पगार कोण देतंय हे सैनिकाला दिसायला हवं होतं.

पुढे ऑक्टेव्हियनच ऑगस्टस या नावानं पहिला सम्राट झाला आणि छापा बहुतेक सम्राटांकडेच गेला. दक्षिण भारतात सापडलेल्या देनारियसांत ऑगस्टस आणि त्याच्यानंतरचा सम्राट टायबेरियस यांचेच जास्त आहेत. खंजिरांचं नाणं मात्र अतिशय दुर्मीळ. जुन्या बाजारात कुणी स्वस्तात दाखवलं, तर नक्कल समजूनच हातात घ्या.