दाढ काढल्यावर कॅप, ब्रिज की इम्प्लांट? चांगले दात घासून ब्रिज करणे योग्य आहे का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: वय 38, खालची डावी मोठी दाढ दोन वर्षांपूर्वी काढलेली, एका डॉक्टरांनी शेजारचे दोन दात घासून ब्रिज करायला सांगितले, दुसऱ्यांनी इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) सुचवले, आणि शेजारचे दोन्ही दात न किडलेले असताना त्यांना हात लावावा का, हे तुम्हाला ठरवता येत नाही. मी गेली अठरा वर्षे तालुक्याच्या गावी दंतवैद्यक करतो आहे आणि ‘फिक्स दात बसवायचे आहेत’ असे म्हणत येणाऱ्या माणसांशी माझे हे बोलणे जवळजवळ रोज होते. तुमचे तोंड मी पाहिलेले नाही, त्यामुळे निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच द्यायचा आहे. पण त्यांना काय विचारायचे, हे मी नक्की सांगू शकतो.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. कॅप म्हणजे जागेवर असलेल्या दाताला चहूबाजूंनी घातलेले टोपण. त्यासाठी खाली मूळ शाबूत असलेला दात हवा. रूट कॅनाल केलेली किंवा मोठे सिमेंट भरलेली दाढ चावताना चिरू नये, म्हणून बहुतेक वेळा कॅप बसवली जाते. तुमच्या जागी मूळच उरलेले नाही, त्यामुळे नुसती कॅप शक्य नाही. ब्रिज म्हणजे एकमेकींना जोडून एकसंध केलेल्या तीन कॅप: दोन टोकांच्या दोन कॅप शेजारच्या दातांवर बसतात आणि मधली, जिच्या खाली दात नाही, ती त्या दोघींच्या आधाराने हिरडीवर टेकून राहते. तुमच्या केसपेपरवर 36 हा आकडा असेल. ती तुमची काढलेली दाढ. पुढची 35 क्रमांकाची उपदाढ आणि मागची 37 क्रमांकाची दाढ हे आधाराचे दात. बिलही याच हिशेबाने, एका दाताचे नव्हे तर तीन युनिटचे होते, आणि त्यावरून होणारे गैरसमज मी पुष्कळ पाहिले आहेत.

म्हणूनच माझे रुग्णांना पहिले सांगणे असते की, ब्रिजचा विचार करताना गेलेल्या दाताकडे नव्हे, तर राहिलेल्या दोन दातांकडे पाहा. गेलेल्या दाताचे नुकसान होऊन गेले आहे. पुढची दहा-पंधरा वर्षे तीन दातांचा भार दोन दात वाहणार आहेत आणि त्यासाठी त्यांचे कवच आपण कायमचे काढून टाकणार आहोत. ‘दात थोडासा घासू’ असे आम्ही डॉक्टर मंडळी फार सहज म्हणतो, पण दाढेचा चावण्याचा पृष्ठभाग दीड ते दोन मिलिमीटर आणि चारही बाजू एक मिलिमीटरच्या आसपास कमी कराव्या लागतात. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या, समोरच्या दातांच्या एका मोजमापात असे दिसले की, सिरॅमिकच्या पूर्ण कॅपसाठी हिरडीवर दिसणाऱ्या दाताचा 63 ते 72 टक्के भाग घासला जातो. दाताचे इनॅमल पुन्हा येत नाही.

असे असूनही मी ब्रिज करतो, आणि तेही कोणताही संकोच न बाळगता, जेव्हा शेजारचे दात आधीच अर्धे सिमेंटचे झालेले असतात किंवा त्यांचे रूट कॅनाल झालेले असते. अशा दातांना कॅप लागणारच असते. तिच्यातच मधला दात बसून गेला तर त्यात शहाणपण आहे. शेजारचे दोन्ही दात कोरे असतील, तर मात्र मी आधी इम्प्लांटचा विचार करायला सांगतो.

आधाराचे दात किती बळकट हवेत, याचा एक जुना ठोकताळा आहे. हाडात रुतलेल्या त्यांच्या मुळांचा एकूण पृष्ठभाग गेलेल्या दाताच्या मुळांइतका किंवा त्याहून अधिक असावा, असे दंतवैद्य अँटे यांनी 1926 मध्ये मांडले. आज तो काटेकोर नियम मानला जात नाही, पण विचार करायला उपयोगी आहे. उपदाढेला साधारणपणे एकच मूळ असते. तिच्याभोवतीचे हाड पायोरियाने खाली गेले असेल, किंवा मशेरीने हिरडी मागे सरकून मूळ उघडे पडले असेल, तर वर कितीही महागडी कॅप घातली तरी पाया कच्चाच राहतो.

दुसरी गोष्ट कलण्याची. दाढ काढून दोन वर्षे झाली असतील, तर मागची दाढ रिकाम्या जागेकडे थोडी झुकलेली असण्याची आणि समोरची वरची दाढ खाली उतरू लागलेली असण्याची शक्यता असते. दोन खुंटे वेगवेगळ्या दिशांना कललेले असले, तर एकच फळी दोन्हींवर वरून सरळ उतरत नाही. ब्रिजचेही तसेच आहे. मग कललेला दात एका बाजूने अधिक घासावा लागतो, कधी घासता घासता नसेच्या जवळ पोहोचतो, आणि निरोगी दाताचे रूट कॅनाल करण्याची वेळ येते. ब्रिजसाठी रूट कॅनाल प्रत्येक वेळी करावेच लागते असे नाही, म्हणून ते का सांगितले आहे, हे एक्स-रे समोर ठेवून विचारावे.

कॅपच्या साहित्याबद्दल लोक सर्वांत जास्त विचारतात, आणि माझ्या मते तो प्रश्न सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप स्वस्त व टिकाऊ असते, पण काही वर्षांनी हिरडीच्या कडेला करडी रेघ दिसू शकते आणि सुपारी फोडणाऱ्यांच्या तोंडात वरचे सिरॅमिक टवका उडून जाते. झिर्कोनिया या धातू नसलेल्या कठीण सिरॅमिकची कॅप पांढऱ्या ठोकळ्यातून मशीनवर मुद्दाम मोठी कोरतात, कारण पुढे सुमारे 1,500 अंश सेल्सिअसला भाजताना ती साधारण पाचव्या हिश्शाने आक्रसते. ती मजबूत असते. मात्र तिच्याबरोबर मिळणारे दहा-पंधरा वर्षांचे वॉरंटी कार्ड कॅपचे असते, खालच्या दाताचे नव्हे, आणि कीड कॅपला लागत नाही.

इम्प्लांटमध्ये टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवतात, हाड त्याला धरून घेईपर्यंत साधारण तीन महिने थांबतात आणि मग त्यावर कॅप बसवतात. स्वीडनमध्ये संशोधक ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या रुग्णावर हा प्रयोग केला. शेजारच्या दातांना हात लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण खालच्या जबड्यातील नसेच्या वर पुरेसे हाड हवे, मधुमेह आटोक्यात हवा आणि विडी-सिगारेट बंद हवी. ब्रिज आणि इम्प्लांट यांपैकी काहीच जमत नसेल, तर काढता-घालता येणारी एका दाताची कवळीही असते. ती चावायला तितकीशी सुखाची नसते, पण तिने कुणाचे नुकसानही फारसे होत नाही.

ब्रिज किती टिकतो, हेही तुम्ही विचारले आहे. अनेक अभ्यास एकत्र पाहिले तर दहा वर्षांनी साधारण दहापैकी नऊ ब्रिज तोंडात असतात. उरलेला का जातो, याचे एक नेहमीचे कारण मी अलीकडेच पुन्हा पाहिले. एक बाई तोंडाला वास येतो म्हणून आल्या. दुखत काहीच नव्हते. मी त्यांच्या ब्रिजचे मागचे टोक बोटाने दाबले, तर कडेने लाळेचे बारीक बुडबुडे आले. म्हणजे मागच्या दाताचे सिमेंट सुटले होते, पण पुढच्या टोकाने ब्रिज धरून ठेवल्यामुळे तो हलतो आहे हे त्यांना कळलेच नव्हते. काढून पाहिला तेव्हा आतला दात काळपट आणि इतका मऊ झाला होता की, हातातल्या अवजाराने खरवडला तर पापुद्र्यासारखा निघत होता. तो वाचला नाही.

त्यामुळे ब्रिज केलाच, तर बसवायच्या दिवशी दोन गोष्टी झाल्याशिवाय खुर्चीतून उठू नका. चावा कुठे लागतो हे पाहायला निळा कागद चावायला देतात, तेव्हा दात किंचितही उंच लागत असेल तर लगेच सांगा. ‘सवय होईल’ म्हणून गप्प राहू नका, कारण उंच राहिलेला ब्रिज दाताला ठणका लावतो. आणि मधल्या खोट्या दाताखालून सुपरफ्लॉस (ब्रिजखालून ओवायचा खास दोरा) किंवा बारीक ब्रश कसा फिरवायचा, ते आरसा हातात घेऊन तिथेच स्वतः करून दाखवा. तो तिथून आत जात नसेल, तर सिमेंट लावण्यापूर्वीच ब्रिज लॅबकडे परत पाठवायला हवा.