कोचने कुठे थांबायचं?

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये कोच मंडळी वाढली आहेत. लाइफ कोच, करिअर कोच, कंपन्यांमधल्या मॅनेजरांना तयार करणारे एक्झिक्युटिव्ह कोच. स्वतःच्या त्रासासाठी त्यातले थोडेच येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, शब्द तेवढे वेगळे: “सेशन छान चाललं होतं आणि क्लायंट अचानक रडायलाच लागला,” किंवा “एकदम गप्पच झाला. मी भलतंच काही उकरलं का? मी काही थेरपिस्ट नाही. मग अशा लोकांना मी घ्यायचंच नाही का?”

एका केसच्या आधाराने यावर बोलते. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत, एक-दोन प्रसंग दुसऱ्या केसमधले मिसळले आहेत. त्यातल्या कोचना इथे ताई म्हणते आणि त्यांच्या क्लायंटना साहेब.

ताई पुण्यातल्या. बरीच वर्षं एचआरमध्ये काढून मग कोचिंगचं रीतसर सर्टिफिकेशन घेतलेल्या, अभ्यासू. साहेब आयटी कंपनीत, चाळिशीकडे झुकलेले. कंपनीने ताईंना काम दिलं होतं, साहेबांना वरच्या पदासाठी तयार करायचं. काम चोख, पण मीटिंगमध्ये दबून राहतात. कोणी टेबलावर हात आपटला की गप्प होतात. दाराजवळची खुर्ची सोडत नाहीत. नव्या पदाचं ऑफिस चौदाव्या मजल्यावर होतं, तर ‘बघू, सांगतो’ करत त्यांनी चार महिने ढकलले होते. ताईंच्या वहीत याचा निष्कर्ष होता, ‘आत्मविश्वास कमी’. त्याच पानावर गुणांच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘अत्यंत शिस्तप्रिय. रोज पहाटे साडेतीनला उठतात.’

तिसऱ्या सेशनला ताईंनी एक नेहमीचा प्रयोग घेतला. “डोळे मिटा. लहानपणच्या घरात जा. तिथला छोटा मुलगा तुमच्याकडे बघतोय. त्याला काय हवंय, विचारा.” साहेबांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांची बोटं खुर्चीच्या हाताला घट्ट रुतली, ओठ कोरडे पडले. ताई म्हणाल्या, “येऊ दे. अडवू नका, जे येतंय ते येऊ दे.” त्यांना तसंच शिकवलं होतं. साहेब एवढंच म्हणाले, “माती.” मग जरा वेळाने, “तोंडात माती.” त्यानंतर काहीच नाही. ताई वाट बघत बसल्या, कारण शांतता मोडायची नाही हेही शिकवलेलं. शेवटी साहेब उठले, “सॉरी मॅडम, कॉल आहे,” म्हणून निघून गेले. पुढची दोन सेशन्स त्यांनी रद्द केली. मध्ये एचआरचा मेल आला, प्रोग्रेस रिपोर्ट पाठवा.

नंतर फोनवर साहेबांनी एकच गोष्ट सांगितली. “मॅडम, ते घर आता नाही. तिथे जायला सांगू नका.”

ते किल्लारीच्या परिसरातले. ही गोष्ट मी मुद्दाम बदललेली नाही, कारण तिच्यावाचून केस कळणार नाही आणि ती रात्र पाहिलेली माणसं हजारोंनी आहेत. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, भूकंप. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गाव नुकतंच झोपलेलं. जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचा थर दिलेली माळवदं, ती झोपलेल्या माणसांवर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. साहेब तेव्हा सात वर्षांचे होते.

दार, मजला, आपटलेला हात, साडेतीनची जाग. ताई माझ्यासमोर वही उघडून बसल्या होत्या आणि स्वतःच एकेका नोंदीवर पेन टेकवत होत्या. मी त्यांना तिथेच थांबवलं. साहेबांना मी भेटलेले नाही, आणि ऐकीव माहितीवर कुणाला पीटीएसडीचं, म्हणजे आघातानंतर मागे उरणाऱ्या मानसिक आजाराचं, लेबल लावणं मला मान्य नाही. ते ताईंचंही काम नव्हे. भूकंप पाहिलेला प्रत्येक माणूस आजारी असतो असंही नाही. कोचला एवढं कळलं तरी पुरतं की या वागण्यामागे ‘आत्मविश्वास कमी’ याहून वेगळं कारण असू शकतं.

“मग मी त्यांना ट्रॉमा, म्हणजे मनावरचा आघात, दिला का?” ताईंनी विचारलं. नाही, तो १९९३ साली झाला. पण ‘येऊ दे’ची गरज नव्हती.

आपल्याकडे मन मोकळं करण्यावर फार विश्वास. रडलं की हलकं वाटतं, बोललं की सुटतं. रोजच्या दुःखात ते खरंही असतं. पण दुर्घटनेनंतर एकाच बैठकीत सगळं बोलून घ्यायचं तंत्र एके काळी जगभर वापरलं गेलं, आणि पुढे त्यावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा त्याने पीटीएसडी टळल्याचं दिसलं नाही, काहींचा त्रास उलट वाढला. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेत ‘काय झालं ते सांगा’ असा आग्रहच नाही. पाहा, ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या, एवढंच आहे.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ डॅनियल सीगल यांनी १९९९ मध्ये मांडलेली एक कल्पना कोचना मी हमखास समजावते. प्रत्येकाची ताण पेलायची एक पट्टी असते. त्या पट्टीत असताना माणूस विचार करू शकतो. तिच्या वर गेला की धडधड, घाम, चिडचिड, उठून जावंसं वाटणं. खाली गेला की सुन्न. कोचचे उत्तमोत्तम प्रश्न फक्त पट्टीच्या आत पोचतात. साहेब त्या दिवशी पट्टीच्या खाली गेले होते आणि ताई त्याला ‘खोल विचार’ समजत होत्या.

दोन्ही शांततांमधला फरक शिकता येतो. विचार करणाऱ्याची नजर फिरते, तो छताकडे बघतो, हनुवटी खाजवतो, हाक मारली की “हं, एक मिनिट” म्हणतो. गोठलेल्याची नजर एका जागी अडकते, श्वास वरवरचा होतो, हाकेला ओ उशिरा येते आणि आवाज सपाट असतो. हे दिसलं की प्रयोग बंद.

मग करायचं काय, हे ताईंनी माझ्यासमोर म्हणून म्हणून बसवलं, कारण अशा वेळी वाचलेलं आठवत नाही. आवाज रोजचाच ठेवायचा, कुजबुजता गूढ आवाज नको. “साहेब, डोळे उघडा. आपण बाणेरच्या ऑफिसात आहोत. आज गुरुवार आहे. पाय जमिनीला टेकवा. या खोलीत निळ्या रंगाचं काय काय दिसतंय?” पाणी पुढे ठेवायचं. हात धरायचा नाही, खांद्यावर थोपटायचं नाही. दीर्घ श्वासाची सक्तीही नको, श्वासाकडे लक्ष गेलं की काहींची घबराट वाढते. काय आठवलं ते विचारायचं नाही. माणूस परत भानावर आला की म्हणायचं, “आज इथेच थांबू. हवं तर कामाचं बोलू, नाहीतर नुसते बसू.” आणि निघताना घरी कसे जाणार ते विचारायचं, गाडी स्वतः चालवणार असतील तर आणखी थोडं बसवून घ्यायचं.

अमेरिकेतल्या साम्सा या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये ट्रॉमाची जाण असलेल्या कामाची चौकट मांडली. आघाताचा परिणाम किती दूरवर जातो हे ठाऊक असणं, त्याच्या खुणा ओळखणं, त्याप्रमाणे आपली कामाची पद्धत बदलणं, आणि आपल्या हातून तोच आघात पुन्हा होऊ न देणं. यात बरं करणं कुठेही नाही. कोचसाठीचं प्रशिक्षण एवढ्यासाठीच असतं, आणि एवढं असलं तरी ते पुष्कळ आहे.

‘अशा लोकांना घेऊ नये का’ याचंही उत्तर देऊन टाकते. सॅन डिएगोमध्ये सतरा हजारांवर प्रौढांना लहानपणच्या प्रतिकूल अनुभवांविषयी विचारलं गेलं होतं, त्या अभ्यासाचे पहिले निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण सतरा हजारांतल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांनी निदान एक तरी असा अनुभव सांगितला. ही माणसं आरोग्य विमा असलेली, बहुतेक मध्यमवर्गीय होती, म्हणजे ज्या वर्गातून कोचकडे लोक येतात तोच. आकडे तिकडचे आहेत, पण तुमच्या यादीत अशी माणसं नाहीत असं धरून चालणं भाबडेपणाचं आहे. तुम्ही त्यांना घेतलेलंच आहे.

एचआरच्या मेलवर ताईंचं घोडं अडलं होतं. साहेबांना सगळ्यात मोठी धास्ती तीच असणार, हे वरपर्यंत गेलं तर? कंपनीला काय कळणार आणि काय नाही, हे सुरुवातीला तिघांनी मिळून लिहूनच घेतलं नव्हतं. ताईंनी आधी साहेबांना मसुदा दाखवला, मग पाठवला. दोन ओळी होत्या: ‘तीन सेशन्स झाली. ठरलेल्या उद्दिष्टावर काम सुरू आहे, बाकी तपशील गोपनीय.’ साहेब पुढच्या आठवड्यात आले, ते या मेलमुळे असं मला वाटतं.

थेरपीचं कसं सुचवायचं यावर आम्ही बराच वेळ घालवला. “तुम्हाला थेरपीची गरज आहे” हे शिक्का मारल्यासारखं लागतं. ताईंनी असं म्हटलं, “कामाचं आपण बोलत राहू. झोपेचं आणि त्या रात्रीचं जे काही आहे, त्यासाठी त्यातलं शिक्षण झालेलं माणूस हवं. माझ्याकडे तीन नावं आहेत. जायचं की नाही, कधी जायचं, तुम्ही ठरवा.” नावं आधीपासून हाताशी हवीत: मानसोपचारतज्ज्ञ, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. त्यांनी ट्रॉमा-केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणारी थेरपी) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेत आघाताच्या आठवणींवर काम करणारी थेरपी) शिकलेलं असलं तर उत्तम, पीटीएसडीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये या दोन्ही सुचवल्या आहेत. आणि क्लायंट जीव द्यायचं बोलला तर ‘तुम्ही ठरवा’ चालत नाही. त्याच दिवशी घरच्यांशी, डॉक्टरांशी गाठ घालायची, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावून द्यायचा. साहेब लगेच गेले नाहीत, काही आठवडे घेतले. कोचिंग तोवर थांबलं नाही, फक्त विषय बदलला: वरिष्ठांना नेमकं काय आणि कसं सांगायचं. पद त्यांनी स्वीकारलं, बसण्याची जागा दुसऱ्या मजल्यावर मागून. कंपनीने आधी कुरकुर केली.

ताईंना आता रीतसर कोर्स करायचा होता. आपल्याकडे स्वतःला कोच म्हणवून घ्यायला कुठलं लायसन्स लागत नाही, त्यामुळे ट्रॉमाच्या नावाने काय वाटेल ते विकलं जातं. शनिवार-रविवारात ‘ट्रॉमा हीलर’ बनवणाऱ्या जाहिराती पाहिल्या की माझं डोकं फिरतं. शिकवणाऱ्याने स्वतः असे पेशंट पाहिलेत का, थांबण्याचा सराव करून घेतात का, कोर्सनंतर केस घेऊन कुणाकडे जाता येतं का, एवढं विचारून घ्या. आणि जिथे चाळीस जणांसमोर प्रत्येकाला आपली जखम सांगायला लावून रडवतात, तिथून बाहेर पडा. रडवणारा कोच भारी, हा समज आपल्याकडे कुठून आला कोण जाणे.

डोळे मिटायच्या प्रयोगावर मात्र ताईंचं आणि माझं अजून जमलेलं नाही. त्यांनी तो बदललाय. लहानपणच्या घराऐवजी पुढच्या वर्षीचा एखादा दिवस, डोळे उघडे ठेवले तरी चालतील, नको असेल तर सोडून देऊ. मी म्हणते, कंपनी पैसे भरते तिथे तो घेऊच नका. ज्याचं प्रमोशन त्या खोलीतून जातं, तो माणूस ‘नको’ म्हणायला कचरतो. ताईंचं म्हणणं, ‘नको’ म्हणता येणं हेच तर माझ्या निम्म्या क्लायंटना शिकायचं असतं, आणि ते माझ्या खोलीत नाही तर कुठे शिकणार?