बीकॉमनंतर इव्हेंट डेकोरेशनमध्ये यायचंय. आधी कोर्स करू का?

तुम्ही लिहिलंय की बीकॉम झालंय, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड होती, घरच्या गणपतीची आरास तुमच्याकडेच असते आणि आता वर्षभराच्या इव्हेंट मॅनेजमेंट कोर्सची फी भरावी का? मी पुण्यात लग्नाचं डेकोरेशन करतो. माझं मत विचाराल तर फी थांबवा आणि एक सीझन एखाद्या डेकोरेटरच्या गोडाउनवर काढा.

प्लॅनर आणि डेकोरेटर हे मुळात दोन वेगळे धंदे. प्लॅनरचा दिवस फोन, एक्सेल आणि नवरीच्या मामांची समजूत काढण्यात जातो. (मामा कायम नाराजच असतात.) तुमचा हात चित्रकलेत आहे, तर तुमची जागा डेकोरेशनमध्ये.

इथे डिझाइन घड्याळावर ठरतं. कार्यालयात सकाळचं लग्न उरकून हॉल हातात येतो चारला, रिसेप्शनचे पाहुणे सातला. त्यात आधीच्या पार्टीचा माल निघायचा असतो. म्हणून फ्रेम गोडाउनवरच तयार करून न्यायची, हॉलवर फक्त जोडणी. कागदावर कितीही सुंदर दिसो, तीन तासांत उभं राहत नसेल तर ते आपल्या कामाचं नाही.

मग हिशेब. समजा, स्टेजमागचं 20 बाय 12 फुटांचं बॅकड्रॉप आहे आणि झेंडूच्या माळा तीन-तीन इंचांवर सोडायच्यात. झाल्या 80 माळा, म्हणजे 960 फूट. त्याला झेंडू किती किलो, ओवायला माणसं किती, रात्री बसायचं कधी, हे गोडाउनवरच कळतं. दसऱ्याला झेंडू कडाडतो, तेव्हा चार महिने आधी दिलेलं कोटेशन अंगावर येतं. तुमचं बीकॉम इथे कामी येईल. या धंद्यात कलाकार पुष्कळ आहेत, कॉस्टिंग येणारे कमी.

साहित्याची माहितीही तिथेच होते. 2018 पासून राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, त्यामुळे पुठ्ठा, बांबू, कापड आणि कागदात काम करणाऱ्याला चांगला वाव आहे. मंडळांना दरवर्षी काहीतरी नवीन हवंच असतं.

पैशाचं आधीच सांगतो: सुरुवातीला रोजंदारीच मिळेल. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, तेव्हा माणसं कमी पडतात. त्याच्या थोडं आधी जाऊन भेटा. चातुर्मासात लग्नं नसतात, मग गणपती, नवरात्र आणि कंपन्यांचे कार्यक्रम यांवर भागवायचं. घरच्यांनाही हे आत्ताच सांगून ठेवा.

केलेल्या प्रत्येक कामाचा फोटो पाहुणे यायच्या आत काढा आणि त्याचा खर्च वहीत लिहा. पिंटरेस्टवरचे फोटो पोर्टफोलिओत घालू नका, जुना डेकोरेटर लगेच ओळखतो.

सीझननंतरही कोर्स करावासा वाटला तर स्केचअप (थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर) किंवा लाइटिंगचा करा. वर्षभराची फी त्याच्यापुढे महागच आहे.